तिकडची घाई

रामदासपेठ, नागपूर
४ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांना कामिनीचा नमस्कार.

वि. वि. पत्र लिहायला बसले आहे ती रागातच, तेव्हा अक्षर तिरपं आलं तर समजून घ्या.

शुक्रवारी तुम्हाला दवाखान्याच्या बाकावर बसवून मी औषधं घ्यायला गेले आणि वापस येते तर बाक रिकामा. वॉचमनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारत फिरले. संध्याकाळी शेजारच्या भैयाजींचा फोन आला की नत्थूजी बसनं घरी पोचले आणि अंगणात मिरच्या उलथून राहिले. बाबा, शाळेतून पळून जाण्याचं हे वय आहे का? उन्नती म्हणाली, आबा माझ्यापेक्षा धीट आहेत, मी ट्यूशन बुडवताना निदान तुला घाबरते.

कानाचं यंत्र तुम्ही डब्यात ठेवता. फोनवर ओरडून सांगावं तर अर्ध्या भिवापूरला तुमचा आजार कळेल. म्हणून कागदावर लिहिते. डॉक्टर अदिती बोलत होत्या तेव्हा तुम्ही मान हलवत होतात, पण ऐकत नव्हतात, हे मला दिसत होतं. आतड्याच्या अगदी शेवटी गाठ आहे. कॅन्सरची आहे, पण पसरलेली नाही. ऑपरेशननं ती काढता येते आणि पुढे माणूस चांगला जगतो. शौचासाठी पोटावर एक पिशवी लावावी लागेल, ती कायमची. हे केलं नाही तर गाठ वाढेल, आणि तुम्हाला जे सोसावं लागेल ते मला लिहवत नाही.

आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही. एवढ्यात पुन्हा एक खुर्ची रिकामी पाहायची माझी तयारी नाही. स्वानंद गाडी घेऊन येतील, त्यांच्यासोबत या. नाही म्हणू नका.

तुमच्यावर रागावलेली, पण तुमचीच,
कामिनी


॥ श्रीराम ॥
भिवापूर
१० फेब्रुवारी २०२४

चि. कामिनीस बाबाचे भरभरून आशीर्वाद. चि. उन्नतीले पापा. जावईबापूंना राम राम.

मी पळून नाही आलो पोरी, निघून आलो. दोन्हीत फरक आहे. तू मले रांगेत उभं राहू दिलं नाही, बाकावर बसवलं. समोर एक टीव्ही होता, आवाज बंद. मी त्या टीव्हीकडे पाहत होतो अन् मनात आलं, आपण इथं काहून बसलो?

तुझी आई गेली तेव्हा मी रडलो नाही. लोकांले वाटलं, म्हातारा दगड आहे. तसं नव्हतं वं. मले माहीत होतं ती कुठं गेली ते. जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली होती की तुम्ही या सावकाश, मी पुढं होऊन जागा धरते. एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची ना, तशी. तेव्हापासून मले मरणाची भीती म्हणून वाटत नाही. रात्रीची झोप लागते. भजनात गळा मोकळा निघते. आता देवानं गाडी फलाटाले लावली, तं तू म्हणते उतरा खाली.

तू हे मानत नाही, मले ठाऊक आहे. आई होती तेव्हाही तू देवघरात नुसता दिवा लावून निघून जायची. मी तुले कधी जबरदस्ती केली नाही. तूही मले करू नको. त्या मोठ्या दवाखान्यात चिरफाड करून चार वर्षं मागून घ्यायची, अन् तिकडे तिनं ताटकळत बसायचं, हे मले पटत नाही.

मिरची यंदा चांगली वाळली. तुझ्यासाठी निवडून बाजूले ठेवली आहे. जावईबापूंना गाडी घेऊन पाठवू नको, त्यांचा दिवस फुकट जाईल.

तुझ्या मायेत असलेला,
नत्थू बाबा


नागपूर
१५ फेब्रुवारी २०२४

प्रिय इंदुआत्या, सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण परवा केला तेव्हा मी रडले आणि तू हॅलो हॅलो करत रेंजला शिव्या दिल्यास. म्हणून लिहिते आहे. बाबांचं पत्र सोबत जोडलं आहे. वाचून पाहा.

आत्या, लोक म्हणतात श्रद्धा म्हणजे आधार. असेल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो आधार एका बऱ्या होणाऱ्या माणसाला मारायला निघाला आहे. आईनं मरताना प्रेमानं एक वाक्य टाकलं आणि बाबांनी त्याचं तिकीट केलं. मला आईचाही राग येतो, आणि मेलेल्या आईचा राग आला म्हणून स्वतःचा येतो. इथलं सगळं, मी, उन्नती, त्यांचं शेत, त्यांचं भजन, हे सगळं म्हणजे काय नुसती वेटिंग रूम आहे का?

मी समजावून थकले. म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. तू त्यांची मोठी बहीण, आणि तुझा देवावर विश्वास आहे हे त्यांना माहीत आहे. तू त्यांना एवढंच सांग की आई, म्हणजे तुझी सुमती, तुझ्या स्वप्नात आली आणि म्हणाली, यांना ऑपरेशन करून घ्यायला सांगा, मला घाई नाही. ते ऐकतील. खोटं आहे, मला कळतं. पण ज्या गोष्टीनं ते चालले आहेत त्याच गोष्टीनं त्यांना थांबवता आलं तर काय बिघडलं? तुझ्या रामालाही यात राग यायचं कारण नाही.

नाही म्हणू नकोस गं. तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

तुझीच,
कामिनी


रामटेक
२० फेब्रुवारी २०२४

चि. कामिनीले इंदुआत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, नत्थूचंही वाचलं. त्याचं वाचून मले रडू आलं अन् तुझं वाचून राग आला. आधी राग लिहून मोकळी होते.

गेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द घालू नये, बाई. सुमती जिवंत असती तं तू तिच्या नावानं असं खोटं बोलली असती काय? मग ती आता उत्तर देऊ शकत नाही म्हणून? तू म्हणते की तू हे काही मानत नाही. जे मानत नाही त्याचं हत्यार कशाले करते? अन् मी मानते, म्हणून तं मले अजिबातच करता येत नाही.

आता दुसरं. श्रद्धा माणसाले मारते, असं तू लिहिलं. माझ्याकडे पाहा. माझा अंकित मनसरच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला तेव्हा तू कॉलेजात होती. तेरवी झाली, पाहुणे गेले, अन् मी खाटेवर पडली ते उठलीच नाही. तुझे आतोबा चहा ठेवत, तो थंडा होत जाय. मग एक दिवस मनात आलं की हा पोट्टा तिकडे भेटला अन् विचारलं, आई, मी गेल्यावर तू काय काय केलं, तं मी काय सांगू? खाटेवर पडली होती, हे सांगू? त्या दिवशी उठली. शिवणाचे क्लास त्यातूनच निघाले. आज किती पोरी त्यावर पोट भरून राहिल्या. तिकडं भेटीची आशा नसती तं मी इकडंही राहिली नसती.

म्हणून मले वाटते की नत्थूचं दुखणं वेगळं आहे. तो माझ्यासारखंच बोलते, पण ते शब्द त्याच्या तोंडात बरोबर बसत नाहीत. ज्याले खरंच जागा धरलेली आहे तो माणूस दवाखान्यातून पळते काहून?

मी परवाच्या गाडीनं भिवापूरले जाते. खोटं बोलायले नाही, भांडायले.

तुझी भांडकुदळ आत्या,
इंदू


मु. भिवापूर
२८ फेब्रुवारी २०२४

चि. कामिनीले आशीर्वाद.

भांडण झालं. त्याले ऐकू येत नाही म्हणून मी ओरडली, अन् मी ओरडली म्हणून तो ओरडला. भैयाजीची बायको वाटीत साखर मागायच्या निमित्तानं दोनदा येऊन गेली.

मी त्याले म्हटलं, सुमतीच्या तेरवीले तू साऱ्या गावाले जेवू घातलं, त्याआधी दहाव्याले पिंड ठेवला, कावळा लगेच शिवला, तेव्हा तूच म्हणाला की मोकळी झाली. मग आता ती ताटकळत बसली म्हणतो, ते कसं? मेल्यावर जे वाट पाहत राहते त्याले आपल्यात काय म्हणतात ते तुले माहीत आहे. माझ्या भावजयीले तू ते नाव देतो काय? अन् तिथं काळच नाही असं तुमच्या कीर्तनात सांगतात. जिथं काळ नाही तिथं उशीर कसा होते?

तो खूप वेळ मिरच्यांचे देठ खुडत बसला. मग एकदम हळू आवाजात, जसा लहानपणी बापाचा मार खाऊन यायचा अन् मले सांगायचा तसा, म्हणाला की बाई, ती पिशवी.

कामिनी, सारं तिथंच आहे. सभामंडपात तो पहिल्या रांगेत पेटीवर बसते. पोटावर घाण बांधून देवापुढं कसा बसू, म्हणे. बाजूचे लोक सरकून बसले तं? अन् साफ कोण करेल? पोरीच्या हातून ते करून घेण्यापेक्षा मेलेलं बरं. मग म्हणाला की सुमती असती तं लाज वाटली नसती, तिनं केलं असतं अन् वरून चार शिव्याही दिल्या असत्या. हे म्हणताना तो रडला. तिच्या तेरवीले रडला नव्हता, तो आत्ता रडला.

तो खोटं बोलत नव्हता, हेही तुले सांगते. तिच्याकडे जायचं त्याले खरंच आहे. पण लाजेनं त्या खऱ्याची चादर पांघरली होती. आता काय करायचं ते तू पाहा. माझं भांडून झालं.

सदैव तुझी,
इंदुआत्या


नागपूर
६ मार्च २०२४

ती. बाबांना कामिनीचा नमस्कार.

आत्यानं सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नका.

दवाखान्यात सोनिका नावाच्या सिस्टर आहेत. ती पिशवी कशी लावायची, कशी रिकामी करायची, हे त्या शिकवतात. मी त्यांच्याकडून एक मागून घेतली. त्यांनीच ती माझ्या पोटाला चिकटवून दिली आणि आत पाणी भरलं. तशी मी सोमवारी बँकेत गेले. दिवसभर काउंटरवर बसले, जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहिले. संध्याकाळी स्वानंदच्या मावसबहिणीचं रिसेप्शन होतं, तिथेही तशीच गेले. प्लेट हातात घेऊन तासभर उभ्यानं जेवले. कुणालाही कळलं नाही. घरी येऊन सांगेपर्यंत स्वानंदनाही नाही.

सगळं गोड आहे असं सांगणार नाही. दुपारपर्यंत ती जड वाटायला लागली. कडेनं खाज सुटली. उन्नतीनं धावत येऊन मिठी मारली तेव्हा फुटेल म्हणून जीव घाबरला. खुर्चीवरून उठताना माझा हात सारखा पोटावर जात होता. पण बाबा, माझ्यात पाणी होतं आणि तुमच्यात जे असेल ते असेल, नीट लावली की वास येत नाही, असं सिस्टर सांगतात. आणि साफ मी करणार नाही. पहिले थोडे दिवस दवाखान्यातले लोक करतील, मग तुम्हाला शिकवतील. मिरचीचं बी एकेक दाणा निवडणारे तुमचे हात आहेत, त्यांना हे जमणार नाही?

देवापुढे कसं बसायचं ते मला विचारू नका, माझी त्याच्याशी ओळख नाही. पण माणसाच्या पोटात जे आत असतं तेच बाहेर येणार. ते आत असताना तुम्ही इतकी वर्षं त्याच्यापुढे बसलातच ना?

आईनं जागा धरली आहे की नाही, यावर मी आता वाद घालणार नाही. मला माहीत नाही. इथे मात्र तुमची जागा आहे, एवढं मला नक्की माहीत आहे.

वाट पाहणारी,
कामिनी


॥ श्रीराम ॥
भिवापूर
११ मार्च २०२४

चि. कामिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. लग्नात उभ्यानं जेवली, तेही पोटाले ते बांधून. तुझ्या आईलेही असं काही सुचलं नसतं.

जावईबापूंना सांग, रविवारी गाडी घेऊन या. यंत्र लावून येतो.

बाबा


नागपूर
९ एप्रिल २०२४

प्रिय इंदुआत्या, सा. न. वि. वि.

तू भेटून गेलीस त्यानंतरची खबर. डॉक्टर अदिती खूश आहेत. गाठ पूर्ण निघाली. जखम भरते आहे. पिशवीचं तर विचारू नकोस, बाबा ती माझ्यापेक्षा सफाईनं बदलतात आणि सोनिका सिस्टर त्यांना दुसऱ्या पेशंटना दाखवायला नेतात.

पण आत्या, बाबा बोलत नाहीत. खिडकीशी बसतात. चार घास खाऊन ताट सरकवतात. उन्नतीनं मोबाईलवर भजन लावलं तर बंद करायला सांगितलं. डॉक्टर म्हणतात, शरीर ठीक आहे.

काल मी पाठीला तेल लावत होते तेव्हा आपणहून बोलले. म्हणाले की टेबलावर झोपवलं तेव्हा त्यांच्या मनात होतं, आता आपण अर्धे तिकडे जाणार, सुमती दुरून तरी दिसेल. सुई टोचली आणि मग कुणीतरी गालावर थापट मारून उठवत होतं. मध्ये काहीच नव्हतं. उजेड नाही, अंधार नाही, स्वप्न नाही. मी नव्हतोच, म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की पोरी, तू म्हणते तेच खरं आहे का?

आत्या, कॉलेजपासून मी या माणसाशी वाद घालत आले. काल ते स्वतः येऊन हरले आणि मला ती जीत घरात ठेवायला जागा सापडेना. हो म्हणावं तर ते तिथेच संपले असते. नाही म्हणावं तर खोटं, आणि तसलं खोटं बोलू नये हे तूच मला शिकवलंस. मी तेल लावत राहिले. मला एवढंच कळलं की आईला ते दुसऱ्यांदा घालवून बसले आहेत.

त्यांना तू लिही. माझ्याकडे शब्द नाहीत.

तुझी,
कामिनी


रामटेक
१४ एप्रिल २०२४

चि. नत्थूस बहिणीचे अनेक आशीर्वाद.

कामिनीनं कळवलं की तुले काही दिसलं नाही. नाही दिसलं तं नाही दिसलं. डॉक्टरनं तुले गुंगीचं औषध दिलं होतं, मरण नाही. सुईनं रामाचं घर दिसत असतं तं लोकं इथं गड चढायले कशाले आले असते?

आता मी तुले जे सांगते ते मी कोणाले सांगितलं नाही. अंकित मले एकदाही दिसला नाही. स्वप्नातसुद्धा नाही. शेजारच्या बायांच्या स्वप्नात येते अन् त्या मले सकाळी येऊन सांगतात, ताई, अंकित हसत होता. माझ्या नाही येत. काही दिवस असे जातात की मले वाटते, काहीच नाही, माती झाली अन् संपलं. त्या दिवशीही मी क्लास उघडते, पोरींले काजं करायले शिकवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटते की नाही, भेटेल. हे असं इतकी वर्षं चालू आहे. मी मोठी श्रद्धाळू, असं तुम्ही सारे समजता. माझ्या हातात एवढंच आहे.

तुले खात्री होती, नत्थू. मले कधीच नव्हती. मले आशा होती. खात्री असणारा माणूस सामान बांधून बसते, इकडचं काही करत नाही. आशा असणाऱ्याले रोज उठावं लागते. तुझी खात्री गेली, जाऊ दे. त्यापायी तू मरायले निघाला होता.

जेव. पोरीले छळू नको.

तुझी मोठी बहीण,
इंदू


॥ श्रीराम ॥
भिवापूर
२३ जून २०२४

चि. कामिनीस बाबाचे आशीर्वाद. उन्नतीले दहावीच्या अभ्यासाले लागायले सांग. जावईबापूंना राम राम.

घरी येऊन महिना झाला. तब्येत बरी आहे. मिरचीचे वाफे टाकले, रोपं वर आली. इंदूबाईचं पत्र उशीखाली ठेवलं आहे. ते वाचून एकदम उजेड पडला असं झालं नाही. फक्त त्या दिवशी भूक लागली.

परवा एक गोष्ट झाली ती सांगतो. आमचा धोंडबा टाळ वाजवते. तो तीन-चार हप्ते भजनाले आला नाही म्हणून घरी गेलो. त्यालेही माझ्यासारखंच शौचाले रक्त पडून राहिलं, त्यानं कोणाले सांगितलं नाही. वरून बोलावणं आलं, आता औषध कशाले, असं म्हणाला. अगदी माझेच शब्द. मी त्याले हात धरून मंदिरात आणलं. सारे बसले होते. मी पेटी बाजूले केली अन् सदरा वर केला.

धोंडबानं चष्मा वर करून जवळून पाहिलं अन् विचारलं की नत्थू, हे वाजते काय? मी म्हटलं, कधी कधी वाजते, पण तुझ्या टाळापेक्षा सुरात. मग सारे हसले. बाजूचा कोणी सरकून बसला नाही. त्या दिवशी भजन लांबलं.

घरी जाताना धोंडबानं विचारलं की टेबलावर काय दिसलं, सुमती वहिनी दिसली काय? मी खरं ते सांगितलं. काही दिसलं नाही गा. त्यानं विचारलं, मग ती तिकडे आहे की नाही? मी म्हटलं, असेल. मले आता एवढंच म्हणता येते, अन् एवढं म्हणून मले झोप लागते.

तुले एक सांगायचं आहे. तू विचारलं नाही, तरी सांगतो. मी तुले विचारलं होतं की तू म्हणते तेच खरं काय, तेव्हा तू उत्तर दिलं नाही, तेल लावत राहिली. ते बरं केलं. पण पुढं कधी, मी गेल्यावर, एखाद्या दिवशी तुले असं वाटलं की बाबा इथंच कुठं तरी आहे, तं ते वाटणं हाकलून देऊ नको. खरं की खोटं ठरवायले बसू नको. बसू दे त्याले घडीभर, चहा पाज अन् मग कामाले लाग.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं धोंडबाले घेऊन येतो. डॉक्टर अदितीले सांगून ठेव. तो रस्त्यात पळून जाईल म्हणून मी खिडकीकडं त्याले बसवीन अन् बाहेरच्या बाजूनं मी बसीन. दोघांचा स्वयंपाक कर. त्याले तिखट चालत नाही, भिवापूरचा असून.

बाकी भेटीत.
तुझा बाबा